कोऱ्या बाजूवरचा आकडा

बाबांचं वर्षश्राद्ध झालं तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. दर वेळी बसतो आणि पहिल्या ओळीपासूनच जर्मन नोटांचा इतिहास सांगायला लागतो. इतिहास सांगणं सोपं जातं, कारण त्यात मी कुठे नसतो. तेवढा थोडक्यात सांगून टाकतो.

शंभर वर्षांपूर्वी या देशात पैशाचं मोल इतकं झपाट्याने उतरलं की नोटा छापणाऱ्यांना शून्यं पुरेनात. सकाळची मजुरी संध्याकाळपर्यंत पावालाही पुरत नसे. सरकारी नोटा वेळेवर पोचेनात, तेव्हा गावांनी, नगरपालिकांनी, कारखान्यांनीसुद्धा आपापल्या नोटा काढल्या. पातळ कागदावर, घाईघाईने, कित्येकदा एकाच बाजूला छापून. मागची बाजू कोरी. या सुट्या गावठी नोटांना इथे नोटगेल्ड म्हणतात, म्हणजे अडीअडचणीचे पैसे. त्या आजही बाजारात मिळतात. बहुतेक चहाच्या किमतीत मिळतात, काही मात्र फार महाग असतात, आणि माझ्यासारखी माणसं त्या गोळा करतात.

मी बॉनला पीएच.डी.साठी आलो आणि इथेच राहिलो. एका ग्रंथालयात जुन्या कागदांची नोंद करण्याचं काम करतो. हा कागद कुठला, किती जुना, त्यावर डाग कुठे, फाटला कुठे, एवढं लिहायचं. नोटांचा नाद त्यातूनच लागला. राइनकाठच्या जुन्या बाजारात, ज्याला सगळे फ्लोमार्क्ट म्हणतात, तिथे एका सकाळी सिगारचं एक लाकडी खोकं मिळालं. आत एकतर्फी छापलेल्या नोटा होत्या, निरनिराळ्या गावांच्या, एकमेकींवर टाकलेल्या. त्यांतली एक आयफेलच्या डोंगरातल्या कुठल्याशा कापड गिरणीची होती. गिरणीने मजुरांचा पगार द्यायला काढलेली. ती तशी दुर्मीळ. बाकीच्या किरकोळ.

नोटेची किंमत कशी ठरते हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इथले संग्राहक नोटेची अवस्था रोमन आकड्यांत लिहितात. एक म्हणजे आत्ताच छापखान्यातून निघाली असावी अशी कोरी करकरीत. मग एक घडी पडली की दोन. कोपरे मऊ झाले, मधे चीर गेली, कुणी काही लिहिलं, की तीन, चार, पाच. म्हणजे माणसाने नोटेला जितका कमी हात लावला तितकी ती मोलाची. मला हा हिशेब अगदी मनापासून पटत असे. घरात माझ्या अल्बमजवळ शाईचं पेन ठेवायला बंदी होती, फक्त मऊ पेन्सिल. बायको म्हणायची, "देवघरात एवढं सोवळं नाही आपल्याकडे."

आई गेली त्या वर्षी बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. मिरजेच्या एका सहकारी बँकेत त्यांनी छत्तीस वर्षं कॅशियर म्हणून काढली. जाळीच्या आत, एका उंच स्टुलावर. बढतीची परीक्षा त्यांनी दिली नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. माझ्या वर्गातल्या दोघांचे वडील त्याच बँकेत साहेब होते. शाळेच्या फॉर्मवर मी वडिलांच्या नोकरीपुढे 'बँकेत' एवढंच लिहीत असे आणि पुढची जागा मोकळी सोडत असे. बाबांनी तो फॉर्म एकदा पाहिला आणि सही करून परत दिला.

बॉनमध्ये त्यांचा वेळ जात नव्हता. आम्ही दोघं कामावर. ते खिडकीत बसत, दुपारी कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत जाऊन येत, संध्याकाळी मला विचारत, "आज कुठलं गाव आलं?" त्यांना एकाच गोष्टीत रस वाटला, त्या नोटांवरच्या शून्यांत. एकदा मी एक सरकारी नोट दाखवली, हजार मार्काची, तिच्यावर आडवा लाल शिक्का मारून तिचे शंभर कोटी केलेले. बाबांनी चष्मा वर करून शून्यं मोजली आणि म्हणाले, "म्हणजे अब्ज. याच्यापुढे खर्व, निखर्व, महापद्म. आम्हाला शाळेत पाठ होतं. वापरायची वेळ कधी आली नाही."

"इथे आली होती," मी म्हणालो.

"मग इथल्या कॅशियरचे हाल झाले असतील रे," ते म्हणाले.

माझ्या इतक्या वर्षांच्या वाचनात हा विचार कधी आला नव्हता. तरी मी नोट परत अल्बमच्या खिशात सरकवली आणि अल्बम मिटला.

पुढच्याच शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाने घरी आलो. जेवणाच्या टेबलावर सिगारचं खोकं उघडं होतं. त्यातल्या नोटा बाबांनी काढून, सगळ्यांची छापील बाजू एकाच दिशेला करून, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या होत्या. वर गिरणीची नोट पालथी ठेवली होती. सगळी गड्डी शिवणाच्या डब्यातल्या पांढऱ्या दोऱ्याने बांधली होती. आणि त्या गिरणीच्या नोटेच्या कोऱ्या पाठीवर, माझ्याच पेन्सिलीने, वळणदार इंग्रजी अंकांत त्रेचाळीस हा आकडा लिहिला होता. खाली एक आडवी रेघ. रेघेखाली त्यांची छोटी सही, एक आकडी आणि एक फराटा, जी मिरजेच्या कुठल्याही गड्डीवर ते करत आले.

"लावून ठेवल्या बघ," ते म्हणाले. "फार गबाळं ठेवतोस. रबर लावला नाही, उन्हाळ्यात चिकटतो. दोरा बरा."

मी दोरा सोडला. पातळ कागदाच्या कडेला बारीक वळ उठला होता.

"बाबा, हे तुमचं काउंटर नाही," मी म्हणालो. "विचारायला काय झालं होतं?"

"अरे, त्रेचाळीसच आहेत. दोनदा मोजल्या."

"मोजल्या म्हणून काय? छत्तीस वर्षं मोजण्यापलीकडे तुम्ही काही केलं नाहीत. कशाची किंमत काय, हे तुम्हाला कधी कळलंच नाही."

त्यांनी नोट उचलून डोळ्यांजवळ धरली. मग म्हणाले, "पेन्सिल आहे. खोडतो मी."

"हात लावू नका."

बायको मागे येऊन उभी होती, हातात पिशव्या तशाच. बाबा आत गेल्यावर ती म्हणाली, "नोटा तुझ्या, हे कळलं. बाबा कुणाचे?"

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी आमची संग्राहकांची बैठक असते, एका केकच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, दुपारी चार वाजता. सात-आठ माणसं, बहुतेक निवृत्त. नोटा दाखवायच्या, अदलाबदल करायची, कॉफी प्यायची. बायकोने बजावलं, या वेळी बाबांना घेऊन जा. मी नेलं. ती नोटही नेली. पेन्सिल कशी काढावी हे मला विचारायचं होतं. खरंच तेवढंच विचारायचं होतं.

आमच्यातले सर्वांत वडील सदस्य तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते. तरुणपणापासून एका बचत बँकेत काउंटरवर बसलेले, म्हणजे बाबांच्याच धंद्यातले. हे मला माहीत होतं. बाबांना मी ते सांगितलं नव्हतं, आणि त्यांना बाबांचं. ते दोघं शेजारी शेजारी बसले. बोलणं सगळं जर्मनमध्ये, जे बाबांना येत नव्हतं. बाबांसमोर सफरचंदाचा केक होता आणि ते तो चमच्याने अगदी लहान लहान तुकडे करून खात होते.

मी नोट काढली. मी तोंड उघडायच्या आत त्या गृहस्थांनी ती पालथी करून भिंगाखाली धरली.

"आल्झो," ते म्हणाले, म्हणजे 'असं तर', आणि भिंग आणखी जवळ नेलं. "हा कॅशियरचा हात आहे. हे बघा. आकडा, खाली रेघ, मग सही. रेघ अशी एका दमात कुणी ओढत नाही, ज्याने दिवसाला शंभर वेळा ओढली तोच ओढतो. आणि हा दोऱ्याचा वळ. ही गड्डीची वरची नोट आहे. गिरणीच्या पगाराची गड्डी. कुठे मिळाली?"

"फ्लोमार्क्टवर. सिगारच्या खोक्यात."

"अशीच?"

मी बाबांकडे पाहिलं. ते भिंगाकडे बघत होते. आपला आकडा त्यांनी ओळखला होता आणि त्यांचा चमचा हवेत थांबला होता.

"अशीच," मी म्हणालो.

एक शब्द होता तो. पुढे जे झालं ते त्या शब्दामुळे झालं, पण तो म्हणताना मला कसलाही झटका बसला नाही, हे मला अजून समजत नाही. टेबलावरची इतर माणसं वाकून बघू लागली. पाठीवर लिहिलेली, म्हणून एक-दोन दर्जे खाली गेलेली नोट आता गिरणीच्या पगारवाटपाचा पुरावा झाली होती. त्या गृहस्थांनी आपल्या अल्बममधून आमच्याच भागातल्या एका गावच्या सहा नोटांचा संच काढला, ज्याच्यासाठी मी दोन वर्षं त्यांच्या मागे होतो, आणि म्हणाले, "अदलाबदल?"

मी मान डोलावली.

ते खुशीत होते. बाबांकडे वळून, मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "आणि तुमचे वडील काय करायचे?"

"शिक्षक होते," मी म्हणालो.

बाबांना आपल्याबद्दल बोलणं चाललंय एवढं कळलं. ते अर्धवट उठले आणि त्यांनी त्या गृहस्थांना नमस्कार केला. त्यांनीही किंचित उठून मान लववली. मग दोघं बसले.

परतताना ट्राममध्ये बाबांनी विचारलं, "काय म्हणत होते रे ते?"

"कशाबद्दल?"

"माझा आकडा बघत होते ना. भिंग लावून."

मी खरं सांगू शकलो असतो. तुमच्या हाताची स्तुती करत होते, असं म्हटलं असतं तर तेही खरंच झालं असतं. पण मग प्रश्न आले असते: मी केलं हे त्यांना सांगितलंस का, मग ते काय म्हणाले. म्हणून मी म्हणालो, "म्हणाले, खराब झाली. पण ओळखीखातर घेतो."

"तुला बदल्यात काही दिलं ना?"

"दिलं."

"भला माणूस." थोड्या वेळाने म्हणाले, "मी केलं म्हणून सांगायचं होतंस. तुझ्यावर आलं नसतं."

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत बाबांनी घरातल्या कशालाही विचारल्याशिवाय हात लावला नाही. "हा पेपर घेऊ का?" "ही खुर्ची इकडे ओढली तर चालेल?" शिवणाचा डबा कपाटात वर गेला, तो त्यांनीच ठेवला. बायकोने मला दोनदा विचारलं, त्या दिवशी तिकडे काही झालं का. मी नाही म्हणालो. तिलाही हे वाचूनच कळेल.

ते मिरजेला परत गेल्यावर आम्ही दर रविवारी बोलत असू. तब्येत, पाणी, शेजारचे, सगळं झालं की शेवटी ते विचारत, "त्या तुझ्या मित्राच्या नोटेचं काही झालं का?" मी म्हणे, काही नाही बाबा, विसरा. एका रविवारी म्हणाले, "पावाच्या मऊ गराने पेन्सिल निघते म्हणे. कागद दुखावत नाही. त्यांना सांगशील का? की तू करून देतोस?" मी म्हणालो, सांगतो. हे मी त्यांच्याशी शेवटचं खोटं बोललो असं म्हणता येणार नाही, कारण पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, सांगितलंस का, आणि मी हो म्हणालो.

ते झोपेतच गेले. मी पोचलो तेव्हा सगळं व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेराव्यानंतर त्यांचा टेबलाचा खण आवरायला घेतला. बँकेच्या जुन्या, न वापरलेल्या पैसे काढण्याच्या स्लिपा होत्या, बाबा त्यांच्या मागच्या बाजूला वाणसामान लिहीत. त्यांतल्या अकरा-बारा स्लिपांवर काही वेगळं होतं. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने त्रेचाळीस, खाली रेघ, खाली सही, आणि मग ते घासून काढलेलं. पहिल्या काहींवर कागदाला लव आली होती. पुढच्यांवर नुसती सावली राहिली होती. शेवटची एक अगदी स्वच्छ होती. तिथे काही होतं हे कळण्यासाठी मला ती खिडकीशी तिरकी धरावी लागली. खणात पावाचा चुरा होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

बॉनला आल्यावर मी पहिला बुधवार चुकवला, दुसराही. मग एका शनिवारी सकाळी त्या गृहस्थांना फोन करून त्यांच्या घरी गेलो, राइनच्या पलीकडे. तो सहा नोटांचा संच बरोबर घेतला होता.

गिरणीची नोट त्यांच्या अल्बमच्या पहिल्या पानावर होती. खाली टाइप केलेली चिठ्ठी: गिरणीच्या कॅशियरची समकालीन नोंद. मंडळाच्या छोट्या पत्रकात त्यांनी त्यावर दोन पानं लिहिली होती, तीही तिथेच लावलेली होती.

मी बसलो आणि सगळं सांगितलं. ती नोंद माझ्या वडिलांची आहे. त्रेचाळीस नोटा सगळ्या वेगवेगळ्या गावांच्या होत्या. दोरा माझ्या बायकोचा. माझे वडील शिक्षक नव्हते.

त्यांनी चष्मा काढला. "ते तेव्हा इथे होते? त्या बुधवारी?"

"तुमच्या शेजारी बसले होते. केक खात होते."

"आता कुठे आहेत?"

मी सांगितलं.

ते उठून खिडकीपाशी गेले. मला वाटलं रागावतील, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माझ्या बरोबरचे काउंटरवरचे सगळे गेले. या टेबलावर सगळ्यांना नोटा कळतात. नोटा हाताळलेला एकही नाही." मग मागे वळले. "पत्रकात दुरुस्ती छापावी लागेल. ती तुम्ही लिहा. आणि बुधवारी सगळ्यांना तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

"सांगतो."

मी संच त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सहाही नोटा एकेक करून उजेडात धरल्या, पुढून, मागून, कडा तपासल्या. त्यांच्याच नोटा होत्या. याआधी माझ्याकडून काही घेताना त्यांनी असं कधी तपासलं नव्हतं. सहावी ठेवल्यावर त्यांनी अल्बममधली चिठ्ठी काढली, दोन तुकडे केले आणि बाबांची नोट माझ्याकडे सरकवली.

"ही तुमची."

मला ती त्यांनी ठेवावी असं वाटत होतं. मागायचा हक्क नव्हता, म्हणून मी ती पाकिटात घातली आणि उठलो.

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी टेबलावरची कोऱ्या चिठ्ठ्यांची चवड उचलली, डाव्या हातात उभी धरली आणि उजव्या अंगठ्याने एकेक पुढे ओढत मोजू लागले. अंगठा एका लयीत चालला होता. वीसपर्यंत मोजून त्यांनी चवड खाली ठेवली. "आम्ही असं मोजायचो. शेजारच्या देशातली माणसं बोटावर दुमडून मोजतात, मी पाहिलंय. तुमचे वडील कसे मोजायचे?"

मला आठवेना. जाळी आठवली, स्टूल आठवलं, काचेच्या वाटीतला ओला स्पंज आठवला. पैसे भरायला आलेल्या आईचा हात धरून मी तिथे कितीदा उभा राहिलो असेन. त्या शुक्रवारी माझ्याच टेबलावर त्यांनी दोनदा मोजल्या होत्या. पण मोजणारा हात काही डोळ्यांपुढे येईना.

ते वाट बघत होते. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच थोडा सैल झाला होता.

"बोटावर दुमडून," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तसंच वाटलं होतं, आणि चवड पुन्हा उचलून त्या पद्धतीने मोजून बघू लागले.